मोजणी होईपर्यंत

बाबा पहाटे गेले. त्याच दिवशी गावातल्या माणसांची मोजणी होती.

आईने मला हाक मारली नाही, पायाचा अंगठा धरून उठवलं. "बघ गं जरा," म्हणाली. आतल्या खोलीत गेले तर बाबांच्या घशातली घरघर थांबलेली होती. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो नसल्यावर खोली मोठी वाटली. मी नाकापुढे हात धरला, मग मनगट पाहिलं. आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशी. मी मनगट खाली ठेवलं. तिला कळलं.

ती खाटेच्या कडेला टेकली. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. हनुवटीखाली हात लावून तिने ते मिटवलं आणि हात तसाच ठेवला.

"चक्कीवाल्या भावजींना सांगून ये. आणि शिंपीणबाईंना. मी बसलेय इथे."

चक्कीवाले काका म्हणजे गावातल्या एकमेव पिठाच्या गिरणीचे मालक. मागे राहिलेल्यांत सगळ्यांत वयस्कर, म्हणून गावाच्या वतीने बोलायचं काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडलेलं. शिंपीण मावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. नवरा कपडे शिवायचा तोवर ती काजं करायची. तो गेल्यावर मशीनवर तीच बसली. दोघंही होते तसेच आले. काकांनी टोपी काढली. टोपीबरोबर थोडं पीठ खाली सांडलं. मावशीने आईच्या पाठीवर हात ठेवला, तशी आईचे खांदे हलले आणि तिने तोंड उघडलं.

"थांब वहिनी," मावशी म्हणाली. "जरा थांब."

काकांनी मला खुणेने बाहेरच्या खोलीत बोलावलं. ही खोली म्हणजे गावचं टपाल कार्यालय. एक टेबल, एक तराजू, भिंतीला कप्प्यांची फळी, आणि बाबांची, म्हणजे पोस्टमास्तरांची, खुर्ची. काका खुर्चीत बसले नाहीत.

"ताई, आज मोजणीवाला येतोय."

"ठाऊक आहे काका."

"मी चारदा हिशेब केला. बाहेरगावची पोरं, जावई सगळ्यांना बोलावलंय. सकाळच्या बसने येतायत. तुझ्या बाबांना धरून आपण कसेबसे दोनशेला टेकतो."

मला समजलं ते काय म्हणतायत ते. तरी ते त्यांच्या तोंडून यावं असं वाटलं.

"तो संध्याकाळच्या बसने जाईल. मग सगळं रीतसर करू. तोवर..." ते पायाकडे बघत होते. बोटांच्या फटींत पीठ होतं. "तोवर मास्तर आजारी आहेत."

"हे बरोबर नाही काका."

"नाहीच आहे," ते म्हणाले.

आमचं गाव तारेच्या कुंपणाला लागून आहे. कुंपणाच्या पलीकडे आमची शेतं, शेतांपलीकडे कोरडा ओढा, आणि ओढ्यापलीकडे दुसरा देश. शेतावर जायचं तर फाटकातून. ते सकाळी थोडा वेळ उघडतं आणि संध्याकाळी थोडा वेळ. मधे पलीकडे गेलेला माणूस पलीकडेच. फाटकावरचा जवान जाताना माणसं मोजतो, येताना मोजतो. आकडा जुळला नाही तर फाटक लागत नाही आणि कोणी घरी जात नाही. शेळी चुकली म्हणून मागे राहिलेल्या एकासाठी सगळं गाव पावसात उभं राहिलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. आणि फाटकातून जायला पास लागतो. पासावर गावाचा टपालाचा नंबर छापलेला असतो. गावाचं टपाल बंद झालं की नंबर बंद, नंबर बंद झाला की पास रद्द. दोनशेच्या खाली गेलेल्या गावाला स्वतःचं टपाल मिळणार नाही, ते हमरस्त्यावरच्या मोठ्या गावात मिसळणार, असा हुकूम निघाला होता. नवे पास त्या गावच्या कचेरीतून मिळणार. आधीच मिसळून टाकलेल्या आमच्या खालच्या अंगाच्या वस्तीला ते मिळेपर्यंत उभं पीक रानडुकरांनी खाल्लं होतं. माणसं कुंपणाच्या अलीकडून बघत होती.

आमचा मका उभा होता. निम्मा काढून झाला होता, निम्मा शेतात.

आईला सांगायचं काम मावशीने अंगावर घेतलं. मी दारात उभी राहून ऐकलं.

"वहिनी, आज आवाज करायचा नाही."

"रडायचं नाही म्हणता?"

"मोजणी होईपर्यंत."

तिचा हात अजून बाबांच्या हनुवटीखाली होता. मग तिने विचारलं, "मक्यासाठी?"

"मक्यासाठी. सगळ्यांच्याच."

"मग हात किती वेळ धरून बसू मी असा?"

मावशीने खुंटीवरचा बाबांचा मफलर काढला. दोघींनी तो हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधला. थंडी वाजत असलेल्या माणसाला बांधतात तसाच दिसत होता. आईने गोधडी खांद्यापर्यंत ओढली, चेहरा भिंतीकडे वळवला, खिडकी लावून घेतली. मग बाहेर येऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली, कणसांचा ढीग पुढे ओढला आणि सोलायला लागली.

आईची सोलायची पद्धत अशी: एका कणसाच्या टाचेने दुसऱ्या कणसावरची एक ओळ पाडायची, मग अंगठ्याने बाकीचे दाणे त्या रिकाम्या ओळीत ढकलायचे. सोपं दिसतं. तासाभरात नवख्या माणसाच्या अंगठ्याची साल निघते. आईचा अंगठा बाहेरच्या बाजूने खुरासारखा झाला होता. दाणे पितळी परातीत पडत होते. तो आवाज रस्त्यापर्यंत जात होता, आणि मला वाटतं तिला तो हवा होता.

सकाळची बस आली तेव्हा गावात कधी नव्हे ते माणसं उतरली. ड्रायव्हरने टपालाची थैली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मास्तर उठले नाहीत वाटतं अजून?" मी मान हलवली. "झोपू दे. काय घाई आहे त्यांना."

मावशीचे दोन मुलगे उतरले. धाकटा पाहुण्यासारखा बूट घालून आला होता.

"आलास?" मावशी म्हणाली. "बापाच्या वेळी रजा मिळाली नाही, आणि मोजून घ्यायला मिळाली."

"आई, बसमध्येच सुरू नको करूस."

"बसमध्ये कुठे, उतरलायस तू. बरं, घरात जा आणि जरा राहत असल्यासारखा दिस. ते बूट काढ आधी."

कुणीतरी हसलं. वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या घरांची दारं उघडत होती. गंजलेल्या कड्या दगडाने ठोकून काढाव्या लागत होत्या. एकजण अंगणात झाडू मारत होता आणि त्याची बायको ओरडत होती, एवढा नको काढूस केर, कालच आलो असं वाटेल.

मी थैली उघडली, पत्रांवर शिक्का मारला. बाबा आजारी पडल्यावर मी रजा घेऊन आले, तेव्हापासून मीच मारत होते. शहरात ग्रंथालयात मी पुस्तकांवर मारते तेव्हा हलका मारते, इथे बाबा म्हणायचे, मनगटाने नाही, कोपराने मार. त्या दिवशी कोपराने मारला. टेबल हादरलं आणि आतून आई म्हणाली, "हळू." जणू कोणी जागं होईल.

दिवस तापला. वीज गेली. आई सोलता सोलता मधेच उठायची, आत जायची, माशी हाकलून परत यायची आणि बसायची. एकदा बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावले. ती बाबांच्या पायाशी उभी होती. पदराचा बोळा तोंडात होता. मला पाहून तिने तो काढला, ओला झालेला पदर झटकला आणि पुन्हा येऊन कणीस उचललं. तिचं तोंड कोरडं होतं. पाणी दिलं तर नको म्हणाली. "प्यायले तर सगळं बाहेर येईल."

मोजणीवाला दुपारी आमच्याकडे आला. वयाने माझ्याहून लहान, नवे बूट, डाव्या टाचेला पट्टी. चक्कीवाले काका त्याच्याबरोबर होते. मागे मावशी, तिचे मुलगे, आणि बसने आलेले आणखी काही जण आपापल्या नावांसाठी घुटमळत. मोजणीवाला सरळ बाबांच्या खुर्चीत बसला आणि त्याने एका पायातला बूट सैल केला.

"माफ करा. चालून चालून पार वाट लागली."

"काढा ना," आई म्हणाली. "इथे कोण बघतंय."

"घरात किती माणसं?"

"तीन."

आईने नावं सांगितली. बाबांचं नाव तिने घेतलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही. त्याने वय विचारलं, काम विचारलं.

"टपाल," आई म्हणाली.

"म्हणजे हेच? अजून करतात?"

"आजारी आहेत सध्या."

"कुटुंबप्रमुखाची सही लागेल."

"हात चालत नाही त्यांचा," काका म्हणाले. आवाज गिरणीत बोलतात तसा मोठा निघाला. त्यांनी तो खाली आणला. "झोप लागलीय आत्ताच. रात्रभर तळमळत होते."

"अंगठा चालेल की. मीच घेतो आत जाऊन, त्यांना उठायला नको." तो उठला.

आई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर कणसं, दोन्ही बाजूंना ढीग. ती हलली नाही. तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. तो एक पाय उचलून, बूट सांभाळत, बावळटासारखा उभा राहिला.

"द्या," मी म्हणाले. "मी घेते."

शाईची डबी आणि कागद घेऊन मी आईच्या खांद्यावर हात टेकवून आत गेले. दार लोटून घेतलं. गोधडीतून बाबांचा हात काढला. तो सहज निघाला नाही. बोटं आत वळली होती आणि अंगठा त्यांच्याखाली दबला होता. मला तो सोडवावा लागला. एका हाताने बोटं उचलून धरली, दुसऱ्याने अंगठा बाहेर ओढला. जोर लावावा लागला. मी मनात म्हणत होते, दुखत नाही, दुखत नाही. शाईवर दाबला. कागदावर टेकवला तर फक्त कड उमटली. पुन्हा केलं. बाहेर आई नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती.

"पाणी घेता का साहेब? उन्हाचे फिरताय. आई काय म्हणते तुमची, एवढ्या लांब पाठवते?"

"आई नाही मला."

"अरेरे. कधी गेल्या?"

"झाली तीन वर्षं."

"रडलात का?"

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, रडणारच ना."

मी कागद आणून दिला. त्याने तो उजेडात धरला. "छान उमटलाय. म्हाताऱ्या माणसांचे सहसा उमटत नाहीत, रेषाच राहत नाहीत. बरं वाटू दे त्यांना."

"हं," आई म्हणाली.

मग मावशीचा धाकटा पुढे झाला. "साहेब, आमचं इथेच उरकता का? शेजारचंच घर."

"नाव? ...कधीपासून आहात इथे?"

"सकाळी आलो ना बसने," तो बोलून गेला. मावशीने कपाळाला हात लावला.

"मग तुम्हाला इथे नाही धरता येणार."

"का बुवा? उभा आहे की तुमच्यासमोर."

"उभं असून भागत नाही. काल रात्री बारा वाजता जो माणूस जिथे होता, तिथे तो धरायचा. सगळ्या देशात एकच वेळ. तुमचं तिकडे शहरात झालं असेल."

काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "म्हणजे बसने आलेले..."

"कोणीच नाही. वाटेतल्या गावांतही हेच सांगत आलोय मी."

"आणि समजा," काका म्हणाले. ते थांबले. त्यांनी विचारायला नको होतं. पण ते विचारणार हे मला दिसलं, कारण मीही तेच विचारलं असतं. "समजा एखादा माणूस बाराला होता. आणि आज नाही."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे, गेला."

"वारला?"

"समजा."

"धरायचा. बाराला जिवंत होता ना? मग तो धरायचा. पहाटे वारला तरी धरायचा. नियम आहे."

परातीत पडणाऱ्या दाण्यांचा आवाज थांबला.

बाबांना हे माहीत असतं. त्यांना विचारायची सोय नव्हती. आम्हाला सगळ्यांना एकच मोजणी ठाऊक होती, फाटकावरची, जी डोळ्यांना दिसेल त्याला धरते.

मोजणीवाल्याने आतल्या दाराकडे पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. तो बुटाची नाडी बांधत होता, आणि बांधायला त्याला वेळ लागला. मग "येतो मावशी," असं आईला म्हणून तो बाहेर पडला. काका त्याच्यामागे गेले नाहीत.

"बाराला जागे होते ते," आई म्हणाली. कोणाकडेही न बघता. "पाणी मागितलं. मी दिलं. उशी उलटी करून दे म्हणाले, गरम झालीय. दिली."

मावशी तिच्याजवळ खाली बसली. "वहिनी, आता रड गं."

"संपली का मोजणी?"

"अगं, आता काय त्याचं."

"गाव आहे अजून अर्धं. त्याला कळलं आपण काय केलं तर यांचं नाव खोडेल आणि वर भलतंच काही लिहील." तिने नवं कणीस घेतलं. "होऊ दे, संपू दे."

संध्याकाळच्या बसने मोजणीवाला गेला. त्याच बसने सकाळी आलेले सगळे गेले. मावशीचा धाकटा बूट हातात घेऊन धावत सुटला होता. मावशीने त्याला थांबवलं नाही. थोरला मात्र राहिला. बाबा गेल्याचं त्याला दुपारीच कळलं होतं, त्याने न बोलता आपली पिशवी परत घरात नेऊन ठेवली. कुलपं पुन्हा लागली. मग काका आमच्या पायरीवर येऊन बसले.

"चौदा कमी पडले वहिनी."

आईने दाण्यांची परात बाजूला सारली.

"माझं चुकलं."

"तुमचं एकट्याचं कुठे. आपण सगळेच दिसेल त्याला धरणारे."

फाटक बंद झालं होतं. माती द्यायची जागा फाटकापलीकडे, ओढ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर. म्हणजे बाबांना सकाळपर्यंत ठेवणं आलं. बायका जमल्या. त्यांच्यातली एक दारातूनच मोठ्याने सुरू झाली, तशी आई म्हणाली, "हळू. दिवसभर जमलं सगळ्यांना." ती बाई पदराने तोंड पुसत खाली बसली. नंतर कोणी आवाज केला नाही. आईही रडली नाही. तिने पाणी तापवायला सांगितलं.

आंघोळ आम्ही दोघींनी घातली. आईने राख घेतली, साबण घेतला, शेवटी रॉकेलचा बोळा घेतला, पण अंगठ्यावरची शाई गेली नाही.

"राहू दे आई," मी म्हणाले. "त्यांची बोटं कायम निळीच असायची."

"ती वेगळी," आई म्हणाली, आणि घासत राहिली.

सकाळी खाट उचलली. दोन बाजूंना मावशीचा थोरला आणि गावातला गवंडी, दोन बाजूंना काका आणि मी. काका नको म्हणत होते, ताई तुला झेपायचं नाही. पण चौथा धड खांदा जवळपास सापडला नाही. काका बुटके, म्हणून खाट त्यांच्याकडे कलायची आणि मावशी मागून हात लावायची. वाटेतल्या घरांपैकी बहुतेक बंद होती. उघडी होती त्यांतून माणसं निघून मागे चालायला लागली. शेतावर जायचेच लोक होते ते. कोणाच्या डोक्यावर पाटी होती, कोणाच्या हातात विळा.

फाटकावर रांग लागली. जवान ओळखीचा होता. घरून त्याला आलेली पत्रं बाबा हातात नेऊन द्यायचे, म्हणायचे, एवढ्या लांबून आलंय ते अजून चार पावलं जाईल. जवानाने एकेकाचा पास पाहिला, एकेकाला पलीकडे सोडलं, पाटीवर खडूने रेघ मारली. आम्ही खाट घेऊन पुढे आलो तेव्हा त्याने टोपी काढली आणि खडू हातात धरून थांबला.

"मास्तर?"

"हो," काका म्हणाले.

"कधी?"

काकांनी मागे, आईकडे पाहिलं.

जवान खाटेकडे बघत राहिला. मग पाटीकडे. "एक विचारू का, राग मानू नका," तो म्हणाला. "यांना धरायचं की नाही? नवे साहेब रोज पाटी बघतात. धरलं तर संध्याकाळी एक कमी येणार. नाही धरलं आणि मनोऱ्यावरून कोणी दुर्बिणीतून पाहिलं, तर म्हणतील एक जास्त सोडला."

माझ्या खांद्यात रग लागली होती. खाट कलली. मागून आई पुढे आली.

"काल धरलंय त्यांना," ती म्हणाली. "आज सोडा."

जवान बाजूला झाला. आम्ही चौघं गेलो, चार रेघा. आई गेली, पाचवी. फाटकापलीकडे दहा-बारा पावलं गेल्यावर आमच्या शेताचा बांध लागतो. तिथे ती खाली बसली, दोन्ही हात मातीत रोवले, आणि रडायला लागली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. आम्ही खाट खांद्यावर तशीच धरून उभे राहिलो. खाली ठेवावी असं कोणाला सुचलं नाही.

माती देऊन झाली तोवर फाटक लागलं होतं. संध्याकाळशिवाय उघडणार नव्हतं. आलेल्या माणसांना परत जायला वाट नव्हती, आणि आपापल्या शेतात जायला कोणी निघेना. मावशी आधी आमच्या मक्यात शिरली. मग थोरला, मग गवंडी. मग सगळेच. कोणी कोणाला सांगितलं नाही. कणसं मोडल्याचा कटाकटा आवाज ओळीओळीने पुढे सरकत गेला. पानांनी हात चिरत होते. नवे पास कधी येतील हे कोणीच बोलत नव्हतं. जुने महिनाअखेरपर्यंतचे होते.

आई काकांच्या ओळीत काढत होती. ते वरची, तयार झालेली कणसं मोडून पाटीत टाकत होते आणि खालची हिरवी तशीच ठेवत होते, दर वर्षी ठेवतात तशी.

"खालची पण काढा भावजी," ती म्हणाली.

"कच्ची आहेत वहिनी. दाण्यात दूध आहे अजून."

"काढा."

काकांनी वाकून एक मोडलं. त्याच्या देठातून पाणी आलं. त्यांनी ते पाटीत टाकलं, आणि पुढचं मोडलं.